अप्पांची पद्मिनी ट्रेलरवर: निलंगा ते संभाजीनगर, चार दिवस

अप्पांची पद्मिनी मोटार एकोणीस वर्षं गावच्या वाड्यात कडब्याच्या गंजीला खेटून उभी होती. १९७८ सालची, दुधी रंगाची, हँडलला गिअर असलेली. अप्पा निलंगा तालुक्यात डॉक्टर होते आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांचे रस्ते या गाडीने पाठ केले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. उजाडायच्या आत अप्पा हीच गाडी घेऊन निघाले आणि दोन दिवस लातूरच्या सरकारी दवाखान्याकडं खेपा घालत राहिले. मागच्या सीटवर जखमी माणूस, पुढच्या सीटवर सलाईनची बाटली उंच धरून बसलेली आई. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. परत आल्यावर आईचा हात खांद्यापासून खाली येत नव्हता, हे मला अजून दिसतं.

अप्पा गेल्यावर गाडी तशीच राहिली. आई आता माझ्याकडं संभाजीनगरला असते. यंदा वाडा पाडायचा ठरला आणि आईने एकच विचारलं, "गाडीचं काय करणार?"

आदला दिवस: येळवस

आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायला बसायचं ते उन्हं कलेपर्यंत. बाजरीचे उंडे, ओली तूर, हरभरा, वाटाणा आणि हाताला लागतील तितक्या भाज्या घालून केलेली भज्जी, मडक्यातली गार आंबील. ओळखीचा-अनोळखी बघत नाहीत, रस्त्याने जाणाऱ्यालाही बोलावतात. माझे दीर संभाजीनगरहून रिकामा ट्रेलर जोडून बोलेरोने दुपारी पोचले, ते थेट शेतातच. त्यांचं वाळूजला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि जुन्या गाड्यांचा नाद आहे. ट्रेलर त्यांचा स्वतःचा, रीतसर नोंदवलेला.

जेवता जेवता काकांनी विषय काढला. "एवढं कशाला माय? आपलं ट्रॅक्टर हाय. दोरखंडानं टोचन करू, नाहीतर ट्रॉलीत घालू. औशापस्तोर तर आरामात जाईल."

भाऊजींनी आंबिलीचा पेला खाली ठेवून नीट समजावलं. काकांचा मान राखून, पण एक पाऊलही मागं न घेता. दोरीने ओढायची मुभा नियमांत आहे ती मोडून पडलेल्या गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी. त्यातही ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवाना असलेला माणूस स्टिअरिंगवर हवा, नाहीतर तिची पुढची चाकं जमिनीवरून उचललेली हवीत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोरी किंवा साखळी लांबूनही दिसेल अशी हवी, मागं 'ऑन टो' अशी पाटी हवी आणि वेग ताशी २५ च्या आत. आमच्या पद्मिनीचे तर ब्रेकच मेलेले होते. समोरचा थांबला की ती थेट त्याच्यावर जाणार. ट्रॉलीचं म्हणाल तर ती शेतीसाठी नोंदवलेली. तिच्यात शेतीबाहेरचा माल घातला आणि वाटेत काही झालं, तर विम्याचा दावा तिथंच अडतो.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या गाड्याचे कागद तरी हायत का?"

होते. आणि हे सगळ्यांनी नीट ऐकावं, म्हणून सविस्तर लिहिते. ट्रेलर म्हणजे आपल्या गाडीचं शेपूट नव्हे, कायद्याने ते वेगळं वाहन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी इतर कुठल्याही वाहनासारखी व्हावी लागते. ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला दिसला पाहिजे आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे. मागून येणाऱ्याला पुढची गाडी दिसत नाही, म्हणून ही उलटापालट. दोन्हींची आरसी आणि दोन्हींचा विमा बरोबर हवा. भाऊजी निघण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत दोन्हीकडं विचारून आले होते. आमच्या पद्मिनीची नोंदणी कधीच संपली होती, त्यामुळं ती स्वतःच्या चाकावर रस्त्यावर आणताच येत नव्हती. ट्रेलरवर ती फक्त माल होती. पण मालालाही मर्यादा आहेत. तो ट्रेलरच्या बाहेर डोकावला तर २०,००० रुपये दंड आणि वर तिथंच उतरवून घेण्याचा खर्च.

दिवस पहिला: वाडा ते लातूर

सकाळी धुई इतकी होती की वाड्याच्या दारातून लिंब दिसत नव्हता. गाडीखालून दोन सरडे, एक मांजर आणि तिची तीन पिल्लं निघाली. पिल्लं काकूने टोपलीत घेतली. चारही टायरांची माती झाली होती. भाऊजींनी बरोबर आणलेली चाकं बसवली, कारण घरंगळल्याशिवाय गाडी चढणार नव्हती. टाकीत उरलेलं पेट्रोल राळेसारखं घट्ट झालं होतं, ते काढलं. बॅटरीही काढून घेतली.

गाडी चढवायला हातविंच लावली. गावातल्या पोरांनी ढकलायची तयारी दाखवली, पण भाऊजींनी कोणालाही गाडीच्या मागं उभं राहू दिलं नाही. तार तुटली तर गाडी उताराने मागंच येणार. दोन पोरं बाजूने लाकडी गुटके घेऊन चालली आणि गाडी वीतभर वर गेली की चाकामागं गुटका सरकवत राहिली. पाऊण तास लागला. तोंड पुढं ठेवूनच चढवली, कारण पद्मिनीचं इंजिन पुढं आहे आणि वजन ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढं पडायला हवं.

थोडं म्हणजे किती, यासाठी आम्ही आधी उलट दिशेने, सावकाश निलंग्याला गेलो. तिथल्या भुईकाट्यावर गाडीसकट ट्रेलरचा काटा केला. १४२० किलो भरले. पैकी पद्मिनी ९०० च्या आसपास, बाकी ट्रेलर. मग मोंढ्यातल्या एका आडत दुकानी गेलो, जिथं पोती तोलायचा काटा होता. ट्रेलर बोलेरोपासून सोडवला आणि त्याचं नाक, म्हणजे बोलेरोच्या मागच्या जोडाच्या (हिचच्या) गोळ्यावर बसतं ते टोक, लाकडाच्या ठोकळ्यावरून काट्यावर टेकवलं. आडतदार सोयाबीन सोडून बघायला आले. काट्यावर आकडा आला ७०.

भाऊजींनी मान हलवली. नाकावर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा. त्याच्या बराच खाली गेला, तर मागचं वजन नाकाला वर उचलू बघतं आणि वेग आला की ट्रेलर डावी-उजवीकडं झुलायला लागतो. फार जास्त झाला, तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पद्मिनी वीतभर पुढं ओढली. पुन्हा काटा केला. १३०. आडतदारांनी पैसे घेतले नाहीत. "आमच्या जन्मात गाडी तोलली नव्हती," म्हणाले आणि चहा पाजला.

आता बांधणी. यात अर्धा तास जास्त गेला तरी चालेल, असं मी प्रत्येकाला सांगेन. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि घासून तुटते. भाऊजींनी रॅचेटचे रुंद पट्टे वापरले, ज्यांच्यावर किती भार पेलतील ते छापलेलं असतं. चारही चाकांवरून एकेक पट्टा, जाळीसारखा टायरला धरून. पुढचे पट्टे पुढं ओढणारे, मागचे मागं ओढणारे. चाकाला बांधलं की गाडीचे पाटे मोकळे राहतात आणि खड्ड्यात गाडी दबली तरी पट्टा सैल पडत नाही. बंपरला बांधायचं नाही. जुन्या गाडीचा बंपर दिसायला जाड असला तरी तो पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर टांगलेला असतो. ब्रेकच्या नळ्यांना, सायलेन्सरला पट्टा लागू द्यायचा नाही. धारेवरून पट्टा जात असेल तिथं जुन्या टायरचा तुकडा. गाडी गिअरमध्ये, आणि चाकांना पुढून-मागून गुटके ठोकलेले.

जोडणी झाल्यावर भाऊजी एक गोष्ट करतात ती मला फार आवडली. कुलूप बसलं असं नुसतं डोळ्यांनी बघून ते मानत नाहीत. जॅकने ट्रेलरचं नाक किंचित वर उचलतात. बोलेरोचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर आला, तर गोळा खरोखर पकडला गेलाय. मग दोन साखळ्या, नाकाखालून फुलीसारख्या आडव्या. जोड सुटलाच तर नाक रस्त्यात रुतत नाही, त्या फुलीच्या झोळीत पडतं. शिवाय एक बारीक तार वेगळी, जी ट्रेलर सुटला की त्याचे ब्रेक आपोआप लावते. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेटतो आणि त्या रेट्यानेच ते लागतात. युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर बांधताना भाऊजींनी तोच दंडक धरला होता.

एव्हाना दोन वाजले होते. निलंग्याला येऊन निलंगा राईस न खाता कसं जाणार? गाड्याभोवती ही गर्दी. लालभडक तिखट भात, कागदावर घेऊन उभ्या उभ्या खायचा. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसरी प्लेट घेतली. शेजारच्या माणसाने ट्रेलरवरची गाडी बघितली आणि विचारलं, "डॉक्टरसायबाची का ही?" मी हो म्हणाले. त्याने हात धुतले, गाडीपाशी गेला, दाराच्या मुठीला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. बोलला काहीच नाही. मीही विचारलं नाही.

निघाल्यावर बारा किलोमीटरला पहिला थांबा. पट्टे तपासले, दोन सैल होते. टायर दबतात, गाडी बसते, हे व्हायचंच. म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबायचंच, आणि नंतर प्रत्येक थांब्याला. चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बेअरिंग बिघडलंय. लामजन्याच्या फाट्यावर मी किल्लारीच्या दिशेला बघत राहिले. भाऊजी न बोलता पाच मिनिटं थांबले. मग औसा, आणि दिवेलागणीला लातूर. आत्याकडं मुक्काम.

दिवस दुसरा: लातूर ते अंबाजोगाई

अंतर कमी होतं म्हणून निवांत निघालो. आत्याने पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे बांधून दिले. गाडीवर हळदीकुंकू वाहिलं, हार घातला. रेणापूर सोडल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही चालवा थोडं." मी बोलेरो नेहमी चालवते आणि काल सपाट रस्त्यावर ट्रेलरसकट दहा-बारा किलोमीटर चालवलीही होती. वळताना ट्रेलर आतून कापतो, म्हणून वळण रुंद घ्यायचं, हे हाताला कळलं होतं. गतिरोधक दिसला की फार आधीपासून मंदावायचं, कारण आपली चाकं उतरल्यावर ट्रेलरची चढायची असतात.

रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना पोटरीतली ज्वारी, ऊन कोवळं. एका उताराला वेग साठच्या पुढं गेला आणि मागून कोणीतरी गाडी धरून हलवतंय असं वाटलं. आधी हळूच, मग मोठ्याने. आरशात पद्मिनी डावीकडं गेली, उजवीकडं आली, पुन्हा डावीकडं. समोरून उसाचा ट्रक येत होता. माझा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नको! पाय काढा फक्त. स्टिअरिंग सरळ धरा, सरळ," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी पाय काढला. हात घट्ट, चाक सरळ. झुलणाऱ्या ट्रेलरच्या उलट स्टिअरिंग फिरवावंसं फार वाटतं. ते केलं तर झोका वाढतो. जोरात ब्रेक मारला तर मागचं वजन पुढच्या गाडीला आडवं लोटतं. वेग वाढवून सरळ होईल, असं काहीजण सांगतात, तेही करू नये. चार-पाच झोके गेले असतील. ट्रक गेला. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. गाडी शांत झाली. कडेला घेऊन मी उतरले तेव्हा पाय लटपटत होते. भाऊजींनी पाणी दिलं आणि माझं पिऊन होईपर्यंत ट्रेलरकडं गेलेही नाहीत.

पट्टे ठीक. टायर ठीक. कुलूप, साखळ्या ठीक. मग त्यांनी पद्मिनीची डिकी उघडली.

आत ज्वारीचं पोतं, तुरीच्या डाळीचा डबा आणि पानचिंचोलीची चिंच भरलेली पिशवी होती. आम्ही पहाटे आंघोळीला गेलो तेव्हा आत्याने पोरांकडून भरून घेतलं होतं. माहेरवाशिणीला रिकामं कसं पाठवायचं? मी तिला दोष देऊच शकत नाही. डिकी उघडून न बघता निघालो, ही चूक माझी.

भाऊजींनी धुळीत काडीने हिशेब मांडला. सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास. ते ट्रेलरच्या चाकांच्या साधारण दीड मीटर मागं. नाक चाकांच्या तीन मीटरपेक्षा थोडं जास्त पुढं. झोपाळ्याच्या फळीसारखंच आहे हे. मागच्या टोकाला नव्वद ठेवले की नाकावरचे चाळीस-पंचेचाळीस कमी. म्हणजे १३० चे ८५ झाले, आणि एकूण वजन मात्र वाढलं. त्यात उतार आणि माझा साठचा वेग. एक पोतं आणि दोन डागांनी एवढं होतं! सामान बोलेरोत पुढच्या-मागच्या सीटच्या मधे घेतलं आणि त्यानंतर शेवटपर्यंत आम्ही ताशी पन्नासच्या वर गेलो नाही. मागून हॉर्न मारणाऱ्यांना जाऊ दिलं.

भाऊजींनी पुन्हा मलाच चालवायला बसवलं. नाही म्हणत होते मी. ते म्हणाले, "आत्ता नाही बसलात, तर कधीच बसणार नाही." अंबाजोगाईपर्यंत मीच नेली.

संध्याकाळी योगेश्वरीचं दर्शन घेतलं. लॉजच्या आवारात ट्रेलर मागं घ्यायचा होता, तेव्हा भाऊजींनी एक युक्ती शिकवली. स्टिअरिंग वरून न धरता खालून धरायचं. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. अगदी थोडं थोडं फिरवायचं, आणि ट्रेलर मुडपायला लागला की हट्ट न करता पुढं घेऊन पुन्हा सुरुवात करायची. सात वेळा पुढं-मागं केलं. लॉजचा म्हातारा राखणदार बॅटरी दाखवत शेवटपर्यंत थंडीत उभा राहिला.

दिवस तिसरा: अंबाजोगाई ते बीड

सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडं गेलो. दरीत धुकं भरलेलं, खाली माकडांचा आवाज. आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. अर्धा तास बसलो आणि कालची धडधड तिथं कुठं निवली.

केज गाठेपर्यंत रस्त्यावर उसाच्याच ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रेडियम. दिवसा त्या दिसतात. रात्री त्यांच्या मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ऊस आधी छातीला लागतो, मग डोळ्यांना दिसतो. मराठवाड्यात असा माणूस गमावलेली घरं प्रत्येक गावात आहेत. रेडियमची पट्टी काही शे रुपयांत येते. मागं लाल, बाजूंना पिवळी, पुढं पांढरी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ज्याचं ऊस ने-आण करून पोट भरतं, त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. पण पट्टी लावल्याशिवाय काट्यावर घेणार नाही, एवढं कारखान्याच्या दारातच झालं तर किती जीव वाचतील.

केजच्या पुढं चहाला थांबलो तिथं ऊसतोडीला निघालेल्या एका टोळीची ट्रॉली उभी होती. भांडीकुंडी, कोंबड्यांची डालगी, वर बायामाणसं. एक बाई कडेवरचं लेकरू सावरत पद्मिनीपाशी आली. हार बघून तिने विचारलं, "नवरी कुणीकडं चालली?" मी गाडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "माझी माय किल्लारीकडची." मग बराच वेळ आम्ही दोघी तिथं चहा घेऊन बसलो. तिचा सहा वर्षांचा मुलगा शाळा सोडून बरोबर आला होता. बारावा हंगाम तिचा. इतके हंगाम ट्रॉलीवर बसून प्रवास केलाय, म्हणाली, रात्री झोप लागली की पोराचा पाय आपल्या पदराला बांधून ठेवते.

भाऊजी बोलेरोतून रेडियमचं उरलेलं रीळ घेऊन आले. ट्रॅक्टरवाल्याला विचारून, पत्रा पुसून, ट्रॉलीच्या मागं आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या. ट्रॅक्टरवाला पोरगेला होता. तोही हात लावायला आला. त्या पोराने शेवटचा तुकडा मागून घेतला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या पाठीवर चिकटवला. बाईने निघताना माझ्या हातात दोन अंडी ठेवली. ती नाकारायची ताकद माझ्यात नव्हती.

मांजरसुंब्याला घाट उतरायचा होता. माथ्यावरच थांबलो. पट्टे, चाकं, जोड, दिवे सगळं पुन्हा पाहिलं. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा, मधेच नाही. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की तो तापतो आणि खाली पोचेपर्यंत उपयोगाचा राहत नाही. ब्रेक मारायचा तो थोडा, सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, आणि सोडून द्यायचा. हे सगळं भाऊजींनी केलं. मी बाजूला बसून आरशात पद्मिनीकडं बघत होते. एकदाही हलली नाही.

बीडमध्ये कंकालेश्वराच्या कुंडातलं पाणी संध्याकाळच्या उजेडात काळंभोर दिसत होतं. रात्री एका खानावळीत येसर आमटी आणि भाकरी. लॉजवाल्याला विनंती करून ती दोन अंडीही उकडून घेतली.

दिवस चौथा: बीड ते संभाजीनगर

चौपदरी रस्ता, सकाळची थंडी, डावीकडची मार्गिका आमची. गेवराईच्या अलीकडं महामार्ग पोलिसांनी हात केला. मला धाकधूक वाटली, भाऊजींना नाही. साहेबांनी ट्रेलरची आरसी, विमा, परवाना बघितला, मागं जाऊन ट्रेलरवरचा बोलेरोचा नंबर जुळवला, ब्रेक दाबायला लावून लाल दिवा लागतो का ते पाहिलं. मग म्हणाले, "डाव्या बाजूचं रेडियम चिखलानं झाकलंय. पुसून घ्या." खरंच झाकलं होतं. तिथंच ओल्या फडक्याने पुसलं. मग त्यांनी स्वतःचा फोन काढून पद्मिनीचा फोटो घेतला. त्यांच्या लग्नाच्या वरातीला अशीच होती म्हणे.

गेवराई सोडल्यावर एका शेताच्या कडेला हुरड्याची पाटी दिसली. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेला हिरवा हुरडा, लसणाची चटणी, दही. शेतकरी आजोबा आम्हाला वाढत राहिले आणि पद्मिनीचे प्रश्न विचारत राहिले. शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली. भाऊजींनी पुलावर वेग तीसवर आणला. उघड्या पुलावर आडवा वारा ट्रेलरला ढकलतो, आणि मोठा ट्रक बाजूने गेला की आधी बाहेर लोटतो, मग आत ओढतो.

गारखेड्यात आमची गल्ली अरुंद. आम्ही ट्रेलर चौकात सोडवला नाही, कारण उतारावर सोडवला की गेला. सपाट जागा बघून, चाकांना गुटके लावून, ट्रेलर बोलेरोला जोडलेलाच ठेवून गाडी उतरवली. हे महत्त्वाचं आहे. ट्रेलर एकटा असताना गाडी मागं सरकली की नाक उसळून वर जातं. विंचेची तार हळूहळू सोडत पद्मिनी खाली आली आणि शेजारच्या सहा-सात जणांनी ती ढकलत दारापर्यंत आणली.

आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग दार उघडलं, दोनदा ओढल्यावर उघडलं ते, आणि पुढच्या सीटवर डावीकडं बसली. उजवा हात वर करून तिने छताचा कडी-पट्टा चाचपला. "सलाईन इथं बांधायला सांगत होते," म्हणाली. "मी नाही बांधली. गाडी हलली की सुई निघायची."

भाऊजी चहा घेऊन लगेच निघाले. ट्रेलरचे पट्टे गुंडाळून, धूळ झटकून एकेक मोजून ठेवले. एकाची कड किंचित उसवली होती, तो त्यांनी कात्रीने मधोमध कापून टाकला, म्हणजे पुढं कोणी चुकूनही वापरणार नाही. रिकामा ट्रेलर खड्ड्यात उड्या मारतो, म्हणून जातानाही ते चाळीसनेच गेले. रात्री साडेआठला वाळूजहून फोन आला. "पोचलो वहिनी. आत्यांची चिंच माझ्याकडंच राहिली, उद्या आणून देतो."